ग्रॅफाइटला ओलावा लागतो, मॉलीला कोरडी हवा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. पुण्याजवळच्या भोसरीतल्या एका कारखान्याने बॅटरी प्लांटच्या ड्राय रूमसाठी, म्हणजे जिथली हवा मुद्दाम अगदी कोरडी ठेवतात अशा खोलीसाठी, सरकत्या स्लाइड असलेलं यंत्र करून दिलं. तिथे तेल-ग्रीस चालत नाही, म्हणून ग्रॅफाइटचे प्लग बसवलेले ब्रॉंझ बुश (शाफ्टला आधार देणाऱ्या नळ्या) वापरले. असेच बुश या कारखान्याच्या इतर यंत्रांत वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतात. ड्राय रूममध्ये मात्र काही दिवसांतच ते कुरकुरायला लागले आणि खाली काळी पूड साठली. मग बुश बदलून शाफ्टवर मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं, म्हणजेच थोडक्यात मॉलीचं, कोटिंग करून घेतलं. जुलैत शॉप फ्लोअरवरच त्याची ट्रायल लावली, तर पुरवठादाराने सांगितलेल्या आयुष्याच्या आसपासही न पोचता कोटिंग निघालं. दोन्ही पदार्थ नावाजलेले, दोन्हींच्या तक्त्यांत घर्षणांक कमी. मग दोन्ही फसले कसे, आणि आता काय लावायचं?

दोष दोन्ही पदार्थांचा नाही. दोघांनाही नेमकी नको ती हवा मिळाली. हेच ग्रॅफाइट जुलैत भोसरीत चालवलं असतं आणि मॉलीची ट्रायल ड्राय रूममध्ये झाली असती, तर दोन्ही उत्तम चालले असते. कोरड्या वंगणाच्या बाबतीत घर्षणांक हा नुसत्या पदार्थाचा गुण नसतो. तो पदार्थ, समोरचा पृष्ठभाग आणि भोवतालची हवा या तिघांचा मिळून असतो. तक्त्यात छापलेला आकडा कुठल्या हवेत मोजला ते लिहिलेलं नसेल, तर तो आकडा बाजूला ठेवावा.

साधारण चित्र असं आहे. नेहमीच्या हवेत ग्रॅफाइटचा घर्षणांक ०.१ ते ०.१५. तेच ग्रॅफाइट निर्वातात किंवा अगदी सुक्या नायट्रोजनमध्ये घासलं की ०.५ किंवा त्याहून वर जातं, म्हणजे वंगण राहतच नाही. मॉलीचं याच्या उलट. स्पटरिंगने (निर्वातात अणू उडवून पृष्ठभागावर बसवण्याच्या पद्धतीने) चढवलेला चांगला थर निर्वातात ०.०२ ते ०.०५ दाखवतो आणि दमट हवेत ०.१५ ते ०.२ वर येतो. घर्षण एवढ्यावर थांबतं म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. खरा फटका झिजेत बसतो. दमट हवेत मॉलीच्या पातळ थराचं आयुष्य निर्वातातल्या आयुष्याच्या दहाव्या, कधी शंभराव्या हिश्शावर येतं.

आता हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण पुढची निवड त्यावरच उभी आहे. पाठ्यपुस्तकात ग्रॅफाइटचं स्पष्टीकरण एका ओळीत उरकलेलं असतं: कार्बनचे सपाट पापुद्रे एकावर एक रचलेले, त्यांच्यातलं बंधन कमजोर, म्हणून पत्त्यांच्या कॅटासारखे ते एकमेकांवरून घसरतात. एवढंच कारण असतं तर ग्रॅफाइट निर्वातातही तितकंच घसरलं असतं, कारण पापुद्रे तिथेही तेच आहेत. तसं होत नाही हे विमानांमुळे कळलं. दुसऱ्या महायुद्धात विमानं जास्त उंचीवरून उडायला लागली आणि त्यांच्या जनरेटरमधले कार्बन ब्रश (फिरत्या भागावर घासत वीज वाहून नेणारे ग्रॅफाइटचे ठोकळे), जे जमिनीवर शेकडो तास चालायचे, ते काही तासांत, कधी तर तासाभरातच झिजून पूड व्हायला लागले. वरची हवा विरळ आणि भयंकर थंड, त्यामुळे तिच्यात पाण्याची वाफ नावापुरती. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणाऱ्या आर. एच. सॅव्हेज यांनी याचा प्रयोगशाळेत छडा लावला आणि १९४८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. निर्वातात ग्रॅफाइट घासलं तर ते झपाट्याने झिजतं. सुका नायट्रोजन सोडला तरी फरक पडत नाही. पाण्याची थोडीशी वाफ सोडली की घर्षण एकदम खाली येतं.

याचं कारण पापुद्र्यांच्या कडांवर आहे. घासताना पापुद्रे तुटतात, आणि तुटलेल्या कडेवरच्या कार्बन अणूंचे बंध मोकळे राहतात. ते शेजारच्या पापुद्र्याला किंवा समोरच्या धातूला पकडायला टपलेले असतात. पाण्याचे रेणू त्या मोकळ्या बंधांवर बसतात आणि पकड संपते. म्हणजे ग्रॅफाइट एकटं वंगण देत नाही, ग्रॅफाइट आणि वाफ मिळून देतात. वाफ काढून घेतली की उरतो तो कडांनी ओरबाडणारा कार्बन. उंचावरच्या ब्रशचा प्रश्न पुढे बेरियम फ्लोराइडसारखे क्षार किंवा खुद्द मॉली ब्रशमध्ये मिसळून सोडवला गेला.

इथे एक गोष्ट फार वेळा चुकते. लोक सापेक्ष आर्द्रतेचा टक्का बघतात. ब्रशला किंवा ग्रॅफाइटच्या बुशला टक्क्याशी देणंघेणं नसतं; दर घनमीटर हवेत प्रत्यक्ष किती ग्रॅम पाणी आहे, ते महत्त्वाचं. कार्बन ब्रशसाठी साधारण ८ ते १५ ग्रॅम ही सुखाची पातळी मानतात. नागपुरात मे महिन्यात ४३ अंशांना आर्द्रता १५ टक्के असते. ऐकायला हवा अगदी सुकी, पण हिशेब केला तर घनमीटरमागे ९ ग्रॅमच्या आसपास पाणी निघतं आणि ब्रश मजेत चालतो. उलट लेहमध्ये जानेवारीत उणे १५ अंशांना हवा अगदी संपृक्त असली तरी तिच्यात दीड ग्रॅमच्या आसपासच पाणी मावतं. तिथे ब्रश झिजणार. पुण्यात जुलैत हा आकडा १८ ते २० ग्रॅम असतो. आणि तुमच्या ड्राय रूमचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ गोठू किंवा दव धरू लागते ते) उणे ४० अंश धरला, तर तिथे घनमीटरमागे साधारण ०.१ ग्रॅम पाणी आहे. म्हणजे भोसरीतल्या हवेच्या जवळजवळ दोनशेवा हिस्सा. ग्रॅफाइटच्या दृष्टीने ती खोली म्हणजे उंच आकाशच. बुशची काळी पूड झाली यात नवल काहीच नाही. शिवाय ही पूड वीजवाहक असते. बॅटरीच्या सेलमध्ये ती गेली तर अंतर्गत शॉर्टची भीती, तेव्हा नुसती झीज म्हणून हा प्रश्न सोडून देण्यासारखा नाही. त्याच खोलीत ब्रश असलेल्या डीसी मोटर असतील तर त्याही तपासा आणि शक्य तिथे ब्रशलेस लावा.

मॉलीची रचनाही पापुद्र्यांचीच: मधे मॉलिब्डेनम, दोन्ही बाजूंना गंधक. फरक असा की गंधकाचा तो पृष्ठभाग आधीच शांत असतो. शेजारच्या पापुद्र्याच्या गंधकावरून घसरायला त्याला वाफेची मदत लागत नाही. उलट बाहेरचा कोणताही रेणू मधे आला की अडथळाच. १९९३ मध्ये फ्रान्सच्या लियाँमध्ये ज्यां-मिशेल मार्तां आणि सहकाऱ्यांनी अतिशय उच्च निर्वातात अगदी शुद्ध मॉलीचा थर घासून ०.००१ च्या घरातलं घर्षण मोजलं होतं. भोसरीतल्या यंत्रात तो आकडा मिळणार नाही, पण परकं काही मधे नसेल तर हा पदार्थ काय करू शकतो ते त्यातून कळतं.

दमट हवेत मॉलीचं काय होतं यावर पूर्वी एकच उत्तर दिलं जायचं: ते ऑक्सिडाइज होतं. हे अर्धंच खरं आहे. खोलीच्या तापमानाला घर्षण वाढतं ते मुख्यतः पाण्याच्या रेणूंमुळे. ते कडांवर आणि थरातल्या दोषांवर बसतात, त्यामुळे घासताना पापुद्रे आडवे होऊन सलग, गुळगुळीत फिल्म तयार व्हायला हवी ती नीट होत नाही. याची खूण अशी की दमट हवेतच भाग थोडा तापवला, शंभर अंशांच्या आसपास नेला, तर पाणी निघून जातं आणि घर्षण परत खाली येतं. ऑक्सिडेशन हा त्यापुढचा टप्पा आहे. तापमान आणखी वाढलं की ते जोर धरतं, आणि हवेत ३५० ते ४०० अंशांच्या पुढे मॉलीचा ऑक्साइड होऊन वंगण संपतं. पण साठवणुकीत, महिनोन्महिने दमट हवेत पडून राहिलं, तर साध्या तापमानालाही कडा हळूहळू ऑक्सिडाइज होतात आणि ओलाव्याबरोबर थोडं आम्लही तयार होतं, ज्याने खालचं पोलाद गंजतं. कोकणातल्या गोदामात पावसाळाभर उघडा ठेवलेला मॉली-कोटेड भाग सरळ असेंब्लीत घेऊ नये, तो याच कारणाने.

तुमच्याकडे निघालेल्या कोटिंगचे तुकडे अजून असतील तर दहापट मोठं दिसणारं भिंग घेऊन बघा. चांगल्या हवेत चाललेल्या मॉलीची खूण ओळखायला सोपी असते: घासलेला पट्टा गडद राखाडी आणि आरशासारखा चकचकीत, आणि समोरच्या भागावरही तसाच पातळ चकचकीत थर चढलेला. हा समोर चढलेला थरच खरं काम करतो. तो बसला की मॉली मॉलीवर घसरते, धातूचा संबंध येत नाही. दमट हवेत फसलेल्या जोडीत पट्टा मळकट आणि ठिपक्याठिपक्यांचा दिसतो, समोरचा थर तुटक असतो किंवा नसतोच, आणि कडेला सैल, निस्तेज भुकटी साचलेली असते. पांढरं कापड फिरवलं की ती भुकटी लगेच उतरते; चकचकीत फिल्म मात्र कापडाने निघत नाही. ही पाहणी दोन मिनिटांची आहे आणि टॉर्कच्या (मोटरला लावाव्या लागणाऱ्या पिळाच्या जोराच्या) आलेखापेक्षा बरंच काही सांगते. दमट हवेतली खूण दिसली तर कोटिंग करणाऱ्याशी भांडण्याआधी थांबा.

ट्रायलची हवा आणि कामाची हवा वेगळी असली तर काय किंमत मोजावी लागते, याचं मला सर्वांत शिकवून गेलेलं उदाहरण गॅलिलिओ यानाचं आहे. नासाने गुरू ग्रहाकडे निघालेलं हे यान १८ ऑक्टोबर १९८९ ला सोडलं. त्याचा ४.८ मीटर व्यासाचा मुख्य अँटेना छत्रीसारखा मिटलेला होता, १८ काड्यांचा. ११ एप्रिल १९९१ ला तो उघडण्याची आज्ञा दिली, तर मोटर अडकल्या आणि छत्री अर्धवट, एका बाजूला वाकडी उघडून थांबली. चौकशीतून जे सर्वांत संभाव्य कारण पुढे आलं ते असं: काड्यांना मधल्या खांबाशी धरून ठेवणाऱ्या टायटॅनियमच्या पिना त्यांच्या खोबणीतून सुटल्याच नाहीत. पिनांवर मॉलीचा बाइंडरने चिकटवलेला थर होता. खोबणी इनकोनेल या निकेलच्या मिश्रधातूच्या.

हा थर गेला कसा? चॅलेंजर या अवकाशयानाच्या दुर्घटनेमुळे उड्डाण काही वर्षं लांबलं. त्या काळात अँटेना कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा यांच्यामध्ये ट्रकने ये-जा करत राहिला. मिटलेल्या अवस्थेत पिना खोबणीत ताणाखाली दाबलेल्या. रस्त्यावरच्या हादऱ्यांनी त्या जागच्या जागी सूक्ष्म घासत राहिल्या. तेही हवेत, म्हणजे मॉली जिथे लवकर झिजते तिथे. थर गेल्यावरही जमिनीवर काही कळलं नसतं, कारण हवेत उघड्या टायटॅनियमवर ऑक्साइडची पातळ कातडी लगेच परत येते आणि धातूला धातू चिकटू देत नाही. निर्वातात ती कातडी एकदा खरवडली की परत येत नाही. मग टायटॅनियम इनकोनेलला अक्षरशः चिकटतं. यान सूर्याकडे आणि सूर्यापासून दूर वळवून अँटेना तापवून-थंड करून पाहिला, मोटरला १३,००० हून अधिक वेळा झटके देऊन पाहिले; पिना हलल्या नाहीत. सेकंदाला १,३४,००० बिट पाठवायला बनवलेल्या यानाला छोट्या अँटेनावर भागवावं लागलं, जिथे मूळ वेग सेकंदाला जेमतेम ८ ते १६ बिट होता. पृथ्वीवरच्या अँटेनांमध्ये सुधारणा करून आणि यानाचं सॉफ्टवेअर बदलून तो १६० पर्यंत नेला, आणि त्या बळावर मोहिमेने गुरू आणि त्याच्या चंद्रांबद्दल अफाट माहिती मिळवली. ज्यांनी ते केलं त्यांच्याबद्दल मला कायम आदर वाटतो. पण मॉलीच्या थराला हवेत किती घासू दिलं याचा हिशेब वाहतुकीपासून ठेवावा लागतो, हे तिथून पुढे अवकाश यंत्रणांच्या कामात सगळ्यांनीच धरलं.

आता पर्याय. टेफ्लॉनबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पहिला विचार तिकडेच जातो म्हणून सांगतो. टेफ्लॉनचं घर्षण मंद गतीला फारच कमी, ०.०५ च्या आसपास, पण झीज भयंकर. घर्षण कमी म्हणजे झीज कमी, हा समज टेफ्लॉनइतका स्पष्ट दुसरा कुठलाच पदार्थ खोडून काढत नाही. निव्वळ टेफ्लॉनचा बुश पापुद्रे सोडत दिसता दिसता संपतो. त्यात काच, ब्रॉंझ, कार्बन यांची भर घातली की झीज शंभर ते हजार पटींनी उतरते. अॅल्युमिनाची अतिसूक्ष्म पूड काही टक्के घातलेलं टेफ्लॉन तर त्याहूनही पुढे जातं. पण इथेही हवा सुटत नाही. टेफ्लॉनच्या साखळ्या घासताना तुटतात, तुटलेली टोकं हवेतल्या ऑक्सिजन आणि पाण्याशी संयोग पावतात आणि समोरच्या धातूला रासायनिकरीत्या धरून बसतात; म्हणून समोर चढलेली फिल्म टिकते. पाणी काढून घेतलं की ती पकड सुटते आणि अॅल्युमिना घातलेल्या टेफ्लॉनची झीज पुन्हा कित्येक पटींनी वाढते. अगदी सुका वायू दाबणाऱ्या कॉम्प्रेसरच्या पिस्टन रिंगला वेगळी भर निवडावी लागते, ते याचसाठी. तेव्हा पॉलिमरचा बुश घ्यायचा असेल तर नुसतं 'विना वंगण चालतो' हे वाक्य पुरेसं नाही. उणे ४० अंश दवबिंदूच्या हवेत मोजलेली झीज मागा.

डायमंडसदृश कार्बनच्या कोटिंगमध्येही हीच कथा दोन भागांत विभागली जाते. हायड्रोजन असलेला प्रकार सुक्या नायट्रोजनमध्ये आणि निर्वातात अतिशय कमी घर्षण देतो, कारण मोकळे बंध आधीच हायड्रोजनने झाकलेले असतात. हायड्रोजन नसलेला, जास्त कठीण प्रकार दमट हवेत छान आणि निर्वातात ०.५ च्या वर. कोटिंग करणारे दोघांनाही एकाच नावाने विकतात, म्हणून ऑर्डर देताना हायड्रोजनचा प्रश्न स्पष्ट विचारा. शिशाचा पातळ थर अवकाशातल्या बॉल बेअरिंगना उत्तम, पण हवेत चालवला तर ऑक्साइड होऊन सुटतो, आणि अन्न किंवा बॅटरीच्या आसपास त्याचा विषयच नको. ५०० अंशांच्या पुढे मॉली आणि ग्रॅफाइट दोन्ही हवेत जळतात; तिथे नासाने बेरियम आणि कॅल्शियम फ्लोराइडचं मिश्रण चांदीच्या जोडीने वापरलं, चांदी कमी तापमानाला आणि फ्लोराइड जास्त तापमानाला. तुमच्या कामाशी याचा संबंध नाही.

तुमच्या स्लाइडसाठी मी मॉलीच ठेवीन. साधी मॉली दमट हवेला फार नाजूक असते. टायटॅनियम, सोनं किंवा अँटिमनी ट्रायऑक्साइड मिसळून केलेला थर दाट असतो आणि असेंब्लीच्या काळातली थोडी दमट हवा बरी सोसतो. तसाच मागवा. समोरच्या भागाचा पृष्ठभाग खरखरीत ठेवू नका. थर मायक्रॉनभर जाडीचा असेल तर समोरचे खडबडीत टोकच त्याला आधी कापतील.

ट्रायल शॉप फ्लोअरवरच घ्या, पण हवा बदलून. स्लाइडभोवती अॅक्रिलिकचा पेटीवजा डबा करा, आत सुका नायट्रोजन सोडत राहा, आणि आत दवबिंदू मोजणारा मीटर ठेवा. आर्द्रतेच्या टक्क्याचा स्वस्त मीटर एवढ्या खाली विश्वासाचा नसतो. नायट्रोजन आहे, तेव्हा शॉपमध्ये हवा खेळती असू द्या आणि ऑक्सिजनचा अलार्म लावा. पेटीतला दवबिंदू उणे ४० च्या खाली स्थिर झाल्याशिवाय यंत्र हलवायचंच नाही. मग सुरुवातीला कमी भाराने आणि मंद गतीने चालवा. पहिल्या काही फेऱ्यांत टॉर्क वर असेल, नंतर उतरत सपाट होईल. सपाट झाला की समोर फिल्म बसली असं समजा आणि मगच पूर्ण भार द्या. निघालेली सैल पूड याच वेळी व्हॅक्यूमने काढून टाका, ग्राहकाच्या खोलीत नको. पाठवताना स्लाइडला हलू न देणारं लॉक हवंच, नाहीतर पुणे ते ग्राहक हा ट्रकचा प्रवास तेच करील जे गॅलिलिओच्या पिनांचं केलं. भाग सिलिका जेलसह सीलबंद पिशवीत, आणि पिशवी ड्राय रूममध्येच उघडायची.

ग्राहकाला एक गोष्ट लेखी द्या. सुट्टीत किंवा देखभालीसाठी डिह्युमिडिफायर (हवा सुकवणारं यंत्र) बंद राहिला तर थर थोडं पाणी घेतो आणि खोली पुन्हा सुकी झाल्यावरही पहिल्या फेऱ्यांत टॉर्क वाढलेला दिसतो. तो बिघाड नाही. अशा वेळी मोटरची टॉर्क मर्यादा वाढवून जोर लावू नये. अर्ध्या गतीने फेऱ्या मारून टॉर्क नेहमीच्या पातळीवर उतरू द्यावा आणि मग उत्पादन सुरू करावं. फेऱ्या मारूनही तो उतरला नाही, तर थर गेला असं धरून शाफ्ट बाहेर काढा.